बार्बाडोसचे किनारे : आधी वारा बघा, मग फोटो

बार्बाडोसचा सर्वांत सुंदर किनारा कोणता, असं शोधलंत की पहिल्या पाच फोटोंत बॉटम बे हमखास येतो. दोन्ही बाजूंना उंच कडे, मधे पांढरीशुभ्र पुळण, पुळणीवर माडांचा झुबका आणि पुढे फिरोजी पाणी. फोटोत खोटं काहीच नाही. फक्त त्या पाण्यात पोहायचं नसतं, हे फोटोत दिसत नाही. लाटा थेट अटलांटिकच्या, पाण्याला ओढ आणि जवळपास जीवरक्षक नाही. फोटो बघून असे तीन-चार किनारे यादीत टाकले की सुट्टीभर मुलं वाळूत बसून राहतात आणि मोठी माणसं एकमेकांवर चिडतात.

या बेटावर किनारा निवडताना पहिला प्रश्न ‘कुठला सुंदर’ हा नाहीच. सुंदर बहुतेक सगळेच आहेत. पहिला प्रश्न म्हणजे वारा कुठून येतोय आणि तुम्हाला पाण्यात नेमकं काय करायचंय. डुंबायचंय, पोहायचंय, कासवं बघायचीयत, लाटांवर खेळायचंय की नुसतं बसायचंय, यातल्या प्रत्येकाचं उत्तर बेटाच्या वेगळ्या बाजूला आहे.

बेट तसं इवलंसं. लांबी ३४ किलोमीटर, म्हणजे चर्चगेट ते बोरिवली. रुंदी जास्तीत जास्त २३ किलोमीटर. कॅरिबियन बेटांच्या माळेत हे सगळ्यात पूर्वेकडचं, माळेतून निसटून बाहेर पडलेल्या मण्यासारखं. त्याच्या पूर्वेला थेट आफ्रिकेपर्यंत मोकळा समुद्र. व्यापारी वारे जवळजवळ वर्षभर पूर्व आणि ईशान्येकडून वाहतात, त्यामुळे पूर्व किनाऱ्यावर सगळा अटलांटिक येऊन आदळतो आणि पश्चिम किनारा बेटाच्या आडोशाला शांत पडून असतो. दक्षिणेला वारा तिरका लागतो, म्हणून तिथे दोन्हींची सरमिसळ. थोडक्यात, पश्चिमेला डुंबायचं, दक्षिणेला राहायचं आणि पूर्व बघायची. एवढं डोक्यात ठेवलं तरी निम्म्या चुका टळतात.

कोकणच्या किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला दोन सवयी इथे सोडाव्या लागतात. एक, भरती-ओहोटीची. आपल्याकडे मुंबईत उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर जाते, अलिबागला ओहोटी लागली की कुलाबा किल्ल्यात चालत जाता येतं. बार्बाडोसला भरती-ओहोटीतला फरक मीटरभरही नसतो. समुद्र मागे हटून अर्धा किलोमीटर ओली वाळू उघडी पडलीय, असं दृश्य इथे नाही. म्हणून भरतीचं वेळापत्रक बघण्यापेक्षा लाटांची उंची आणि वाऱ्याचा वेग बघा. हवामानाच्या कुठल्याही चांगल्या ॲपवर दोन्ही मिळतात.

दुसरी सवय वाळूची. आपली वाळू काळसर-तपकिरी, कारण मागे सह्याद्रीचा बेसाल्ट आणि जांभा. बार्बाडोस ज्वालामुखीतून झालेलं बेट नाही. बेटाच्या बहुतेक भागावर प्रवाळी चुनखडीचं जाड पांघरूण आहे. चिमूटभर वाळू तळहातावर घेऊन बघितलीत तर तिच्यात शिंपल्यांचे, प्रवाळाचे तुकडे वेगळे ओळखता येतात. ती भर दुपारीही आपल्या काळ्या वाळूसारखी तळपाय भाजत नाही. पण तेवढाच प्रकाश ती वर फेकते, त्यामुळे छत्रीखाली बसूनही हनुवटीखाली आणि गुडघ्यांच्या मागे चटका बसतो. अक्षांश १३ अंश उत्तर, म्हणजे जवळपास चेन्नईचा. वाऱ्यामुळे ऊन लागत असल्याचं कळत नाही, संध्याकाळी अंघोळ करताना कळतं. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टीशर्ट हा इथला सगळ्यात उपयोगी कपडा. सनस्क्रीन झिंक ऑक्साइडचं घ्या, कारण प्रवाळाला ते तुलनेने कमी घातक.

पश्चिम किनारा राजधानी ब्रिजटाऊनच्या उत्तरेला सुरू होतो आणि स्पाइट्सटाऊनच्या पुढेपर्यंत जातो. श्रीमंतांची हॉटेलं इथेच, म्हणून याला ‘प्लॅटिनम कोस्ट’ म्हणतात. घाबरू नका, बार्बाडोसमध्ये सगळे किनारे सार्वजनिक आहेत. हॉटेल कितीही तारांकित असलं तरी समोरच्या वाळूवर बसायला ते मनाई करू शकत नाही. त्यांच्या खुर्च्या मात्र त्यांच्या. अडचण असते ती आत शिरायच्या वाटेची. बंगले आणि हॉटेलांच्या भिंतींमधून अरुंद बोळ किनाऱ्यावर उतरतात, त्यांवर छोटी पाटी असते आणि गाडीतून जाताना ती हटकून चुकते. नकाशावर किनाऱ्याचं नाव न टाकता ‘बीच ॲक्सेस’ शोधा.

या बाजूला पेन्स बे सगळ्यात भरवशाचा. पाणी सपाट, तळाशी वाळू, उतार हळू. कासवंही इथे येतात, मुख्यतः हिरवी कासवं. सकाळी दहाच्या पुढे पर्यटकांना घेऊन कॅटमरान (जोड-नावा) लागतात आणि एकेका कासवाभोवती पंधरा-वीस माणसं गोळा होतात. सात-आठच्या सुमारास पाण्यात उतरलात तर वारा पडलेला असतो, तळ स्वच्छ दिसतो आणि कासव आपल्या नादात असतं. त्यांना मासे खायला घालणारे नावाडी भेटतील, पण त्या फंदात पडू नका. खाणं मिळायची सवय झालेलं कासव हाताला खाणं समजून चावतं, आणि त्याचा चावा लहान नसतो. हात लावायचा नाही, वरून झेपावायचं नाही. ते श्वासासाठी वर येतं, तेव्हा त्याची वाट मोकळी ठेवायची.

स्नॉर्केलिंगचा मुखवटा भाड्याने घेणार असाल तर तिथेच तपासा. पट्टा न लावता तो चेहऱ्याला टेकवा आणि नाकाने श्वास आत ओढा. हात सोडल्यावर चिकटून राहिला तर मापाचा. गळून पडला तर दुसरा मागा, पट्टा कितीही आवळलात तरी त्यात पाणी शिरणारच. भरघोस मिशा असतील तर थोडं पाणी गृहीत धरा.

होलटाऊनजवळचं फोकस्टोन हे १९८१ पासूनचं संरक्षित सागरी क्षेत्र. नाव मोठं आहे, म्हणून फार अपेक्षा घेऊन जाऊ नये. किनाऱ्यालगतचं प्रवाळ बरंच झिजलंय. पण मासे दिसतात, बाकं आहेत, सावली आहे, आणि पोहण्यासाठी तरंगत्या बोयांनी आखलेली जागा आहे. त्या बोयांच्या आतच राहा, कारण बाहेर जेटस्की आणि बोटी सुसाट जातात आणि पाण्यातलं डोकं त्यांना सहज दिसत नाही. मलिन्सला वाळूची रुंदी दर वर्षी बदलते. एखाद्या हंगामात ऐसपैस, एखाद्या हंगामात चादर अंथरायला जागा नाही. त्याच्या शेजारचा गिब्स शांत. स्पाइट्सटाऊनच्या उत्तरेचा हेवूड्स मला सगळ्यात आवडतो. खडकांच्या रांगेमागे कंबरभर पाण्याची डबकी तयार होतात, गर्दी जवळजवळ नाही, विकणारे मागे लागत नाहीत.

पश्चिमेची एक गोष्ट लोकांना माहीत नसते आणि मग ते हॉटेलवाल्यावर चिडतात. डिसेंबर ते मार्च-एप्रिल, म्हणजे ऐन हंगामात, उत्तर अटलांटिकमध्ये दूर कुठेतरी मोठं वादळ होतं. त्याच्या लाटा हजारो किलोमीटर येतात, बेटाच्या उत्तर टोकाला वळसा घालतात आणि शांत समजल्या जाणाऱ्या पश्चिम किनाऱ्यावर फुटतात. वर आकाश निरभ्र, वारा नाही, आणि समोर धडधडत्या लाटा. पाणी गढूळ होतं, वाळू वाहून जाते, कासवं काय, स्वतःचे पाय दिसत नाहीत. दोन-तीन दिवसांत ओसरतं. त्या दिवसांत उत्तरेकडचे मलिन्स-हेवूड्स सोडून दक्षिण किनाऱ्यावर जायचं. अंदाजात ‘नॉर्थ स्वेल’ दिसलं की बोटीची सहल पुढे ढकला, पैसे भरण्याआधी.

कार्लाइल बे ब्रिजटाऊनला लागूनच. चंद्रकोरीच्या आकाराचा उपसागर, नैऋत्येकडे तोंड, म्हणून वाऱ्याच्या आड. ब्राउन्स, बेशोर, पेबल्स ही त्याच्याच तुकड्यांची नावं. पाण्याखाली अर्धा डझन बुडालेली जहाजं आहेत. ‘बर्विन’ नावाची फ्रेंच टगबोट १९१९ मध्ये बुडाली, ती इतक्या उथळ पाण्यात आहे की वर तरंगत बघता येते. पट्टीचा पोहणारा किनाऱ्यावरून जाऊ शकतो, पण बोटींची वर्दळ बघता तसं करू नये. छोट्या बोटीने जा, दर आधी ठरवून. क्रूझची जहाजं बंदरात लागलेल्या दिवशी सकाळी दहा ते चार हा किनारा म्हणजे गणपतीच्या आदल्या दिवशीचा दादरचा बाजार. जहाजांचं वेळापत्रक बंदराच्या नावाने इंटरनेटवर मिळतं. नोव्हेंबर ते एप्रिल ते बघूनच दिवस ठरवा.

याच कार्लाइल बेच्या दक्षिण टोकाला, पेबल्सवर, पहाटे जावं. गॅरिसन सव्हाना हे घोड्यांच्या शर्यतीचं मैदान अगदी जवळ आहे. उजाडता उजाडता तिथले मोतद्दार घोडे घेऊन येतात आणि थेट समुद्रात उतरवतात. घोडा आधी बिचकतो, पुढचे पाय रोवून थांबतो, मग पाणी छातीला लागलं की मान वर काढून पोहायला लागतो. नाकपुड्यांचा फुर्र फुर्र आवाज किनाऱ्यावर ऐकू येतो. सूर्य वर आला की सगळं आटोपलेलं असतं. तिकीट नाही, रांग नाही. मधे मधे न करता लांब उभं राहायचं, एवढंच.

दक्षिण किनाऱ्यावर राहणं बहुतेकांना सोयीचं. हॉटेलं त्यातल्या त्यात परवडणारी, खायची ठिकाणं चालत जाण्याजोगी, बस सतत. रॉकली, ज्याला सगळे ॲक्रा म्हणतात, तिथे जीवरक्षक आहेत, शौचालयं आहेत, भाड्याच्या छत्र्या आहेत. मोठाल्या दगडांच्या बांधांमुळे एका बाजूला पाणी शांत आणि दुसरीकडे मध्यम लाटा. शेजारून समुद्राला लागून किलोमीटरभराहून लांब लाकडी-सिमेंटची पायवाट जाते. आजी-आजोबा बरोबर असतील तर संध्याकाळी चालायला याहून सोपी जागा बेटावर नाही. पुढे वर्दिंगला समोरच्या प्रवाळी खडकांनी लाटा अडवल्यात, आत गुडघा ते कंबरभर पाण्याचं तळं. पाच वर्षांखालची मुलं असतील तर पहिले दोन दिवस इथेच काढा. डोव्हरला लाट थोडी अंगावर येणारी, दहा-बारा वर्षांच्या मुलांना बूगी बोर्ड, म्हणजे पोटावर झोपून लाटेवर घसरायची छोटी फळी, घेऊन खेळायला नेमकी.

ऑइस्टिन्सजवळचा मायामी बीच, पाटीवर त्याचं नाव एंटरप्राइज, सुरूच्या झाडांच्या सावलीत आहे. हो, आपल्या कोकणातल्या सुरूच्या बनातलंच झाड, इथले लोक त्याला ‘माइल ट्री’ म्हणतात. मधल्या टोकामुळे किनाऱ्याचे दोन भाग होतात, एकीकडे पाणी तळ्यासारखं, दुसरीकडे लाटा. एकाच कुटुंबात भित्रे आणि धाडसी दोन्ही असतील तर हा किनारा भांडण मिटवतो. शुक्रवारी दुपारी तीनच्या सुमारास इथे यायचं, ऊन उतरेपर्यंत डुंबायचं आणि मग जवळच ऑइस्टिन्सच्या मासेबाजारात फिश फ्रायला जायचं. सातनंतर रांगा वाढतात, म्हणून सहालाच ताट सांगा. फलकावर ‘डॉल्फिन’ वाचून दचकू नका. तो माहीमाही नावाचा मासा आहे, सस्तन डॉल्फिनशी त्याचा काही संबंध नाही.

दक्षिणेच्या टोकाला सिल्व्हर सँड्स. वारा अंगाला झोंबतो, वाळूचे कण पोटऱ्यांना टोचतात. काइटसर्फिंग करणाऱ्यांचा स्वर्ग, बाकीच्यांनी अर्ध्या तासात परतावं.

इथून वळसा घेऊन आग्नेयेला गेलात की क्रेन आणि मग बॉटम बे. सौंदर्याचा प्रश्न असेल तर माझं मत क्रेनला. वाळूत गुलाबी झाक आहे, ती ओल्या पट्ट्यात सकाळच्या तिरक्या उन्हात जास्त कळते. भर दुपारी ‘कुठे गुलाबी’ असं विचाराल. वर कड्यावर १८८७ सालचं हॉटेल आहे. त्याच्या आवारातून न जाताही किनाऱ्यावर उतरायला सार्वजनिक वाट आहे, गावातल्या कुणालाही विचारा. जीवरक्षक असतात. तरीही क्रेनला दोन गोष्टी समजल्याशिवाय पाण्यात पाऊल टाकू नये.

पहिली, लाट काठावरच फुटते. तळ एकदम खाली जातो, त्यामुळे लाटेला लांबवर फेसाळत यायला जागा मिळत नाही आणि ती उभीच्या उभी वाळूवर आपटते. गुडघाभर पाण्यात पाठ करून फोटोला उभी राहिलेली माणसं इथे डोक्यावर आपटतात, मानेला आणि खांद्याला मार बसतो. समुद्राकडे पाठ करायची नाही. लाटा झुंडीने येतात, चार-सहा मोठ्या आणि मग थोडी उसंत. आत जाताना आणि बाहेर येताना ती उसंत पकडायची. पाच मिनिटं किनाऱ्यावर उभं राहून मोजलं तरी अंदाज येतो.

दुसरी म्हणजे ओढ. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी परत जायला वाट शोधतं आणि एखाद्या खोलगट पट्ट्यातून जोरात खोल समुद्राकडे जातं. वरून बघितलं तर पांढऱ्या फेसाळ लाटांच्या मधे एक गडद, सपाट, शांत पट्टा दिसतो. लाटा तिथे फुटत नाहीत. नवख्याला वाटतं, इथेच उतरावं. नेमकी तीच ओढ. कधी त्यात ढवळलेली वाळू किंवा शेवाळ समुद्राकडे वाहताना दिसतं. सापडलात तर किनाऱ्याकडे सरळ पोहण्यात दम घालवू नका, चांगला पोहणाराही त्यात हरतो. तरंगत राहा, हात वर करा, आणि किनाऱ्याला समांतर पोहून पट्ट्याबाहेर पडा. पट्टा सहसा अरुंद असतो. बाहेर पडलात की लाटाच तुम्हाला परत आणतात. क्रेनला कड्यावरून खाली उतरण्याआधी दोन मिनिटं वर थांबा, वरून हा पट्टा जितका स्पष्ट दिसतो तितका वाळूवरून दिसत नाही.

बॉटम बेला जायचंच, पण बघायला. खडकातून खाली जाणाऱ्या पायऱ्या आहेत, गुडघ्यांना त्रास असेल तर कड्यावरूनच बघा, दृश्य वरूनच जास्त देखणं आहे. सोयी काही नाहीत. पाणी बरोबर न्या आणि माडाखाली बसण्याआधी वर नारळ आहेत का बघा, ही सवय आपल्याला आहेच. जवळचा फाउल बे लांब-रुंद आणि ओस. पाणी तिथलंही बिनभरवशाचं.

पूर्व किनाऱ्यावर बाथशेबा. चुनखडीचे प्रचंड खडक समुद्राने बुंध्याशी कोरून आळंबीसारखे केलेत. समोरची लाट ‘सूप बोल’ या नावाने जगभरच्या सर्फरांना माहीत आहे. सप्टेंबर ते नोव्हेंबर ती ऐन भरात असते. इथे पोहायचं नाही, म्हणजे नाहीच. खडकांमधल्या उथळ डबक्यांत बसून अंगावर फेस घेणं मात्र फार सुखाचं, तेही ओहोटीच्या वेळी. भरती-ओहोटी बघायला लागते ती बेटावर जवळजवळ इथेच. पायात रबरी बूट घाला, कारण खडकांच्या फटीत काळे काटेरी सागरी साळू असतात. काटा ठिसूळ असतो, ओढायला गेलात की आत तुटून राहतो. जवळच १९५४ साली सुरू झालेली अँड्रोमेडा बाग आहे, ऊन चढलं की तिकडे वळा. उत्तरेचा कॅटलवॉश मैलोन्‌मैल रिकामा, चालण्यासाठी. दक्षिणेचा बाथ हा पूर्वेचा अपवाद. समोर खडकांची रांग असल्याने पाणी बरंच शांत, सुरूची सावली, रविवारी स्थानिक कुटुंबं डबे घेऊन येतात. उत्तर टोकाला फारसे किनारे नाहीत, कडे आणि गुहा आहेत. अर्धा दिवस पुरे.

आता सॅरगॅसमबद्दल. तपकिरी तरंगतं समुद्री शेवाळ, २०११ पासून दर वर्षी कमी-अधिक येतंय. साधारण मार्च ते ऑगस्ट जोर. वारा आणि प्रवाह पूर्वेकडून, म्हणून ते आधी पूर्व आणि आग्नेय किनाऱ्यावर लागतं. बाथ, बाथशेबा, क्रेन, सिल्व्हर सँड्स. पश्चिम किनारा बहुतेक वाचतो. ताजं असताना त्रास नाही. दोन-तीन दिवसांनी कुजायला लागलं की सडक्या अंड्यांचा वास येतो. तो हायड्रोजन सल्फाइडचा, त्याने चांदीचे दागिने काळे पडतात आणि दम्याच्या माणसाला त्रास होतो. युनिव्हर्सिटी ऑफ साउथ फ्लोरिडा दर महिन्याला उपग्रहावरून केलेला अंदाज प्रसिद्ध करते, तिकीट काढण्याआधी बघा. मे-जूनमध्ये जाणार असाल तर पूर्वेच्या समुद्राभिमुख खोलीसाठी जादा पैसे मोजू नका.

मग जायचं कधी? डिसेंबर ते मे कोरडे महिने, भाडी चढी. १ जून ते ३० नोव्हेंबर चक्रीवादळांचा काळ. बेट पूर्वेला असल्याने बरीच वादळं त्याला चुकवून उत्तरेकडे जातात, पण सगळी नाही. २९ जून २०२४ ला ब्रिजटाऊनच्या केन्सिंग्टन ओव्हलवर भारताने दक्षिण आफ्रिकेला ७ धावांनी हरवून टी-ट्वेन्टी विश्वचषक जिंकला, आणि लगेच बेरिल वादळामुळे विमानतळ बंद होऊन आपला संघ तिथेच अडकला, हे सगळ्यांना आठवत असेल. १ जुलैला वादळ बेटाच्या दक्षिणेकडून गेलं, तरी लाटांनी मासेमारीच्या होड्यांचं अतोनात नुकसान केलं. या काळात जायचं तर रद्द करता येणारं आरक्षण आणि विमा, दोन्ही हवं.

मँचिनील हे झाड ओळखायला शिका, मुलांना आधी शिकवा. किनाऱ्यावरच वाढतं, सावली दाट, पानं हिरवीगार चकचकीत, फळ छोट्या हिरव्या सफरचंदासारखं आणि वासाला गोड. झाडाचा पांढरा चीक कातडीवर पडला की फोड येतात. फळ खाल्लं तर घसा सुजतो. अनेक ठिकाणी बुंध्यावर लाल पट्टा रंगवलेला असतो, पण सगळ्या झाडांवर असेलच असं नाही. सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे अचानक सर आली म्हणून त्याच्याखाली उभं राहणं. पानांवरून ओघळणाऱ्या पाण्यात चीक मिसळलेला असतो. भिजलात तरी चालेल, त्याच्या खाली जाऊ नका. त्याचं लाकूड जाळलं तर धूरही डोळ्यांना बाधतो.

फिरण्यासाठी गाडी भाड्याने घेतलीत तर गाडी आपल्यासारखी डावीकडूनच चालते. भाड्याच्या गाडीची पाटी ‘एच’ अक्षराने सुरू होते, त्यामुळे तुम्ही पाहुणे आहात हे सगळ्यांना कळतं आणि ते सांभाळून घेतात. उसाच्या शेतांमधले रस्ते अरुंद, पाट्या कमी. वीस किलोमीटरला पाऊण तास धरा. बस मात्र झकास. निळ्या सरकारी, पिवळ्या खासगी मिनीबस आणि पांढऱ्या ‘झेड-आर’ व्हॅन. सगळीकडे एकच भाडं, साडेतीन बार्बाडोस डॉलर, अंतर कितीही असो. निळ्या बसमध्ये सुटे परत मिळत नाहीत. थांब्याच्या पाटीवर ‘टू सिटी’ किंवा ‘आउट ऑफ सिटी’ लिहिलेलं असतं, सिटी म्हणजे ब्रिजटाऊन. दक्षिण आणि पूर्वेच्या बस फेअरचाइल्ड स्ट्रीटवरून, उत्तर-पश्चिमेच्या प्रिन्सेस ॲलिस स्थानकावरून. बाथशेबाला बसने गेलात तर उतरल्या उतरल्या परतीच्या वेळा विचारा, तिकडे फेऱ्या कमी.

टॅक्सीला मीटर नसतो. दर सांगितल्यावर ‘कुठला डॉलर?’ एवढं विचारायचं. एका अमेरिकन डॉलरचे दोन बार्बाडोस डॉलर, हा दर बांधलेला आहे, म्हणजे गैरसमज झाला तर थेट दुप्पट. अमेरिकन नोटा सगळीकडे चालतात, सुटे स्थानिक मिळतात.

भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी बार्बाडोसला आधी व्हिसा लागत नाही, पण वाटेत बहुतेक वेळा लंडन किंवा अमेरिकेत उतरावं लागतं, तिथला ट्रान्झिटचा नियम तपासा. अमेरिकेत एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांनी पासपोर्टातला व्हिसाचा शिक्का चालू आहे ना ते बघूनच तिकीट काढावं. शिक्क्याची मुदत संपली तरी थोड्या दिवसांत परत येऊ देण्याची कॅनडा-मेक्सिकोला मिळणारी सवलत या बेटांसाठी त्यांना नाही, आणि परतीच्या विमानात चढू देत नाहीत.

शाकाहारी लोकांची उपासमार होत नाही. नळाचं पाणी चुनखडीतून गाळलेलं, सरळ पिता येतं. मॅकरोनी पाय (चीज घालून भाजलेली मॅकरोनी) सगळीकडे मिळतो, आणि रोटी विचारा. त्रिनिदाद-गयानात गेलेल्या भारतीय गिरमिटिया मजुरांनी कॅरिबियनभर नेलेला हा प्रकार, चण्या-बटाट्याची रस्साभाजी मोठ्या पातळ पोळीत गुंडाळलेली. बटाट्याचीच हवी हे स्पष्ट सांगा, नाहीतर कोंबडी येते, तीही बऱ्याचदा हाडासकट.

बॅग भरताना मुलांच्या कपड्यांवर एक नजर टाका. लष्करी छापाचा कुठलाही कपडा, टोपी, पिशवी बार्बाडोसमध्ये सामान्य नागरिकाला बेकायदा आहे, चार वर्षांच्या पोराची हाफपँटही त्यात आली.